कॅनोपीवर कॅरिअर घरीच बनवताय? मग एवढं वाचूनच पाइप कापा

आमच्याकडून पिकअपला फायबरची कॅनोपी (मागच्या सामानाच्या हौद्यावरचं बंद छत, म्हणजेच टप) बसवून नेलेले बरेच जण दोन-चार महिन्यांनी फोन करतात, की वर कॅरिअर घरीच बनवलं तर चालेल का. चालेल की, बनवा, पाइप आम्ही मापात कापून देऊ. फक्त एक गोष्ट पक्की धरा, कॅरिअरचं वजन फायबरवर येता कामा नये, ते खाली हौद्याच्या लोखंडावर उतरलं पाहिजे.

फायबरचा टप ऊन-पाऊस अडवायला असतो. गाडी उभी असताना माणूस वर चढला तरी काही होत नाही, म्हणून वाटतं दणकट आहे, पण घाटातल्या खड्ड्यात गाडी आपटली की तेच वजन क्षणभर दुप्पट होऊन बसतं आणि ते चार बोल्टांच्या भोकांवर येतं. आमच्याकडे अशीच एक गाडी आली होती, कॅरिअरचे पाय सरळ टपावर बोल्ट केलेले. प्रत्येक बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा, वर सिलिकॉनचे तीन थर एकावर एक, आणि आतून हात फिरवला तर फायबर ओलं लागत होतं. पाणी वरून येत नव्हतं, चिरांतून पाझरत होतं, त्यामुळे कितीही सिलिकॉन लावा, उपयोग शून्य.

म्हणून पाय कॅनोपीच्या बाहेरून खाली आणा आणि हौद्याच्या कडेला 5 मिमी पट्टीच्या ब्रॅकेटने धरा, मधे रबर पॅकिंग, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, हादऱ्याने सैल न होणारा), मोठे वायसर. पाय आणि फायबर यांच्यात बोटभर गॅप ठेवा, गाडी पिळली की कॅनोपी हलते. आणि पुढचे पाय केबिनवर अजिबात टेकवू नका. केबिन आणि हौदा चेसिसवर वेगवेगळे बसवलेले असतात, खराब रस्त्यावर दोन्ही आपापले हलतात, दोघांना एकाच फ्रेमने बांधलं तर वेल्डिंग तुटणार म्हणजे तुटणारच.

पायांना 40 बाय 40 मिमीचा, 2 मिमी जाडीचा स्क्वेअर पाइप घ्या, वरच्या जाळीला 25 बाय 25, 16 गेज (साधारण 1.6 मिमी जाडीचा) पुरतो. 20 फुटी लेंथ पहिल्याची साधारण साडेचौदा किलो, दुसऱ्याची सात किलो, म्हणजे 5 बाय 4 फुटांचं साधं कॅरिअरसुद्धा 20 किलोच्या आसपास जातं, हे सामानाच्या हिशोबात धरा. अॅल्युमिनियम तेवढ्याच मापात एक तृतीयांश वजनाचं, पण घरच्या वेल्डिंग मशीनवर ते होत नाही, बोल्टने जोडावं लागतं. पायांच्या कोपऱ्यात तिरकस सपोर्ट हवाच, ब्रेक मारल्यावर सगळं वरचं वजन पुढे ढकलतं आणि नुसते उभे पाय वाकतात.

वेल्डिंग फ्रेम खाली उतरवूनच करा, ठिणगी पडली की फायबर जळतं. गाडीवर करायची वेळच आली तर आधी बॅटरीची वायर काढा, नाहीतर इसीएमचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) खर्च मागे लागेल. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप असेल तर जोडाजवळचा तो थर घासून काढा आणि उघड्यावर बसा, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, हे आम्ही अंगावर काढलंय. झाल्यावर जोडाला झिंक स्प्रे, साध्या पाइपला रेड ऑक्साइड मग कलर. पाइपची तोंडं पट्टीने बंद करा पण खालच्या बाजूला 6 मिमीचं एक भोक ठेवा, आत साठलेलं पाणी पाइप आतून खातं आणि बाहेरून कळतही नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर.

जड सामान हौद्यातच ठेवा, वर तंबू, गाद्या, शिडी असलं हलकं. वेग 60 वरून 85 वर गेला की वाऱ्याचा जोर दुप्पट होतो, त्यात वळण आलं की वरचं वजन गाडी कलंडवतं. सामान गाडीच्या ठरलेल्या मापाबाहेर आलं तर मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आहे आणि गाडीतल्या बदलालाही कायद्याने मर्यादा आहे, म्हणून कॅरिअर बोल्टने निघणारंच बनवा आणि आधी आरटीओत विचारून घ्या. पहिल्या 100 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत एकदा आवळा.

पाइप न्यायला येताना गाडी घेऊनच या. कॅनोपीच्या साइडच्या काचा आणि मागचं दार पूर्ण उघडून माप घेऊ, पाय काचेच्या आड आला म्हणून बनवलेलं कॅरिअर परत कापलेलं आम्ही पाहिलंय.