पंप तोच, चॅनल तेच, पण लाल पेशीचं काम वेगळं आणि आतड्याचं वेगळं

रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम एकदम 6.5 वगैरे आलं आणि माणूस मात्र ठणठणीत असेल तर डॉक्टर आधी म्हणतात, परत सॅम्पल द्या. बऱ्याचदा झालेलं असं असतं की रक्त काढताना ते बारीक सुईतून जोरात ओढलं गेलं किंवा ट्यूब जास्त हलली, आणि काही लाल पेशी ट्यूबमध्येच फुटल्या. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर काढली की वर पिवळसर दिसायला हवं ते सीरम लालसर दिसतं आणि लॅबवाले रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा मारतात. म्हणजे ते जास्तीचं पोटॅशियम रक्तात फिरत नव्हतंच, ते पेशींच्या आत होतं.

आत किती आणि बाहेर किती हा फरक खरंच बघण्यासारखा आहे. प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशींबाहेरच्या द्रवात, पोटॅशियम लिटरला 4 मिलीमोलच्या आसपास, आणि लाल पेशींच्या आत 100 च्या घरात. सोडियमचं बरोबर उलटं, बाहेर 140 आणि आत 10 च्या आसपास. पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थाचं असतं, जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर, आणि त्यातून विद्युतभार असलेले आयन आपले आपण जवळपास जातच नाहीत. जे काही जातं ते आवरणात रुतून बसलेल्या प्रोटीन्समधून जातं. त्यात ढोबळमानाने दोन प्रकार आहेत, एक म्हणजे चॅनल, ते उघडलं की आयन उतारावरून वाहावेत तसे जिकडे कमी तिकडे सुसाट जातात, आणि दुसरा प्रकार ट्रान्सपोर्टर आणि पंप, ते मोजून मापून एकेक उचलून पलीकडे नेतात.

या सगळ्याच्या मुळाशी सोडियम-पोटॅशियम पंप आहे. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्काऊ यांना तो 1957 मध्ये खेकड्याच्या नसांवर काम करताना सापडला आणि 1997 ला त्यांना त्यासाठी केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. एक एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा एक रेणू, खर्च करून हा पंप 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. लाल पेशीकडे न्यूक्लियस नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, नवीन प्रोटीन बनवायची सोय नाही, ग्लुकोज अर्धवट मोडून जे थोडंफार एटीपी मिळतं त्यावर तिचे 120 दिवस निघतात, आणि तरी त्यातलं एटीपी ती या पंपावर खर्च करत राहते. कारण सरळ आहे, आत हिमोग्लोबिन इतकं ठासून भरलंय की ते पाणी ओढत राहणार, आणि सोडियम सतत बाहेर फेकलं नाही तर पेशी फुगत फुगत फुटेल. ब्लड बँकेत पिशवी 2 ते 6 अंश सेल्सियसला ठेवतात ना, त्या थंडीत हा पंप जवळजवळ बंद पडतो, सोडियम हळूहळू आत शिरतं आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. म्हणून जुन्या पिशवीतल्या द्रवात पोटॅशियम बरंच वाढलेलं असतं, आणि नवजात बाळाला एकदम जास्त रक्त द्यायची वेळ आली तर शक्यतो ताजी पिशवी शोधतात.

गंमत म्हणजे हे पंप एका लाल पेशीवर काही शेच असतात, आणि बँड 3 नावाचं दुसरं एक प्रोटीन दहा लाखाच्या आसपास. एवढी गर्दी कशाला, तर कार्बन डायऑक्साइडसाठी. शरीरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड लाल पेशीत शिरतो, तिथलं कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम त्याचं चुटकीसरशी बायकार्बोनेट करतं, बँड 3 ते बायकार्बोनेट बाहेर सोडून बदल्यात क्लोराइड आत घेतं, आणि फुफ्फुसात पोचल्यावर हाच सगळा कारभार उलटा चालतो. केशवाहिनीतून पेशी जायला एक सेकंद पण लागत नाही, तेवढ्या वेळात हे उरकायचं म्हणजे एवढ्या संख्येने प्रोटीन लागणारच.

पाण्याचंही तसंच. पीटर अ‍ॅग्री हे आरएच रक्तगटाच्या प्रोटीनचा अभ्यास करत होते आणि लाल पेशींच्या आवरणातून त्यांच्या हाती एक भलतंच लहानसं प्रोटीन लागलं. 1992 मध्ये सिद्ध झालं की ते पाण्याचं चॅनल आहे, अ‍ॅक्वापोरिन. 2003 चं केमिस्ट्रीचं नोबेल अ‍ॅग्री आणि रॉडरिक मॅकिनन यांना विभागून मिळालं, मॅकिनन यांना पोटॅशियम चॅनलसाठी. रक्तगट म्हटलं की आपल्याला ए, बी, ओ आणि आरएच एवढंच आठवतं, पण कोल्टन रक्तगट या अ‍ॅक्वापोरिनवर असतो, डिएगो रक्तगट बँड 3 वर, आणि किड रक्तगट युरियाच्या ट्रान्सपोर्टरवर. म्हणजे हे रक्तगट ज्यांच्यावरून ठरतात ती प्रोटीन्स मुळात ने-आण करणारी आहेत, हे मला फार सुंदर वाटतं.

आता पेशी केशवाहिनीतून कशी जाते ते बघा. पेशीचा व्यास 7-8 मायक्रोमीटर आणि काही केशवाहिन्या त्याहून अरुंद, म्हणजे दुमडून, चेपूनच जावं लागतं. आवरणावर ताण आला की पीझो 1 नावाचं चॅनल उघडतं. हे आर्डेम पटापुटियन यांच्या लॅबमध्ये 2010 ला सापडलं आणि स्पर्शाच्या अशाच संशोधनासाठी त्यांना 2021 चं नोबेल मिळालं, डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत. पीझो 1 उघडलं की कॅल्शियम आत येतं, आत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा दहा हजार पटींहून कमी असल्यामुळे थोडंसं आलं तरी लगेच जाणवतं, त्याने गार्डोस चॅनल उघडतं, त्यातून पोटॅशियम बाहेर जातं, सोबत क्लोराइड जातं आणि त्यामागोमाग पाणी, आणि पेशी थोडी आक्रसते. मग कॅल्शियमचा पंप आत आलेलं कॅल्शियम बाहेर टाकतो आणि गार्डोस परत बंद होतं. हे गार्डोस चॅनल हंगेरीच्या ग्योर्गी गार्डोस यांनी 1958 मध्येच ओळखलं होतं, पीझोच्या कितीतरी आधी.

पीझो 1 मध्ये बिघाड होऊन ते गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं तर पेशी कायमच कोरडी पडते, हा हेरेडिटरी झीरोसायटोसिस नावाचा आजार. सिकल सेल या आनुवंशिक आजारात, ज्यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, हे गार्डोस चॅनल जास्तच त्रास देतं, कारण पाणी कमी झालं की हिमोग्लोबिनची घनता वाढते आणि सिकल हिमोग्लोबिनच्या दोऱ्या किती पटकन बनतील हे त्या घनतेवर प्रचंड अवलंबून आहे, थोडीशी वाढली तरी वेग कित्येक पटींनी वाढतो. म्हणून गार्डोस बंद करणारं सेनिकापोक नावाचं औषध तपासलं गेलं. त्याने पेशी फुटणं कमी झालं, हिमोग्लोबिन वाढलं, पण दुखण्याचे अ‍ॅटॅक काही कमी झाले नाहीत, आणि पेशंटला तर तेच हवं असतं.

आणि आता आतडं. आतड्याच्या पेशीतही तोच सोडियम-पोटॅशियम पंप आहे, तेच गार्डोस चॅनल आहे. पण लाल पेशीला दिशा नसते, तिच्यासाठी चहूकडे प्लाझ्माच. आतड्याच्या पेशीला मात्र दोन बाजू आहेत, एक अन्नाकडची आणि एक रक्ताकडची, आणि कुठलं प्रोटीन कुठल्या बाजूला बसवलंय यावर सगळा खेळ आहे. सोडियमचा पंप फक्त रक्ताकडच्या बाजूला असतो. तो सोडियम रक्ताकडे ढकलत राहतो, पेशीत सोडियम कमी राहतं, आणि त्यामुळे अन्नाकडचं सोडियम आत यायला सारखं टपलेलं असतं. तिथे एसजीएलटी 1 नावाचा ट्रान्सपोर्टर बसलाय, तो 2 सोडियम आणि 1 ग्लुकोज अशा जोडीनेच आत घेतो. ग्लुकोज नसेल तर या वाटेने सोडियम नाही आणि सोडियम नसेल तर ग्लुकोज नाही. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना 1960 मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली होती. साखर, मीठ आत गेलं की मागून पाणी जातं. आतड्यात दिवसाला साधारण 8-9 लिटर द्रव येतो, खाण्यापिण्यातला आणि लाळ, पाचकरस असा शरीराने स्वतः ओतलेला, आणि त्यातला शे-दोनशे मिलिलिटर सोडून बाकी सगळा परत शोषला जातो.

कॉलरा याच्या दुसऱ्या टोकाला घाव घालतो. त्याचं विष पेशीतलं सायक्लिक एएमपी, म्हणजे आतल्या आत निरोप पोचवणारा एक रेणू, वाढवतं, त्याने अन्नाकडच्या बाजूचं सीएफटीआर नावाचं क्लोराइड चॅनल उघडंच राहतं, क्लोराइड आतड्यात ओतलं जातं, त्यामागे सोडियम आणि पाणी, आणि माणूस काही तासांत सुकतो. क्लोराइड असं सतत बाहेर जायला पेशीच्या रक्ताकडच्या बाजूने पोटॅशियमही बाहेर जावं लागतं, नाहीतर पेशीचा व्होल्टेज ढासळून क्लोराइडचं वाहणं थांबेल, आणि पोटॅशियमच्या या वाटांमधली एक म्हणजे तेच लाल पेशीतलं गार्डोस चॅनल. क्लोट्रिमाझोल हे बुरशीवरचं मलम सगळ्यांना माहीत असतं, प्रयोगशाळेत त्याने लाल पेशीतलं गार्डोसही बंद पडतं आणि आतड्याच्या पेशींतून क्लोराइड सुटणंही कमी होतं.

पण कॉलराचं विष एसजीएलटी 1 ला हात लावत नाही. एक वाट चालू राहते, आणि ओआरएस तिचाच वापर करतं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी प्यायला द्यायला लावलं, आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 3.6 टक्क्यांवर आलं. एका साध्या द्रावणाने एवढे जीव वाचले हे वाचताना आजही भरून येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या फॉर्म्युल्यात लिटरला सोडियम 75 मिलीमोल आणि ग्लुकोजही 75 मिलीमोल आहे, आणि एकूण ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या सगळ्या कणांची मिळून घनता) 245, म्हणजे रक्तापेक्षा थोडी कमी, त्यामुळे पाणी आतड्यातून रक्ताकडे जातं. यात चवीसाठी जास्तीची साखर घातली, किंवा लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरात कालवलं, तर द्रावण रक्तापेक्षा घट्ट होतं, आतडं उलट रक्तातलं पाणी आत ओढतं आणि जुलाब वाढतात. म्हणून जे पाकीट एक लिटरचं आहे ते मोजून एक लिटर पाण्यातच घालायचं.