बडतर्फी आणि अडलेला पगार : खासगी शाळांतील शिक्षकांच्या लढ्याची पार्श्वभूमी

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा येण्यापूर्वी महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या शिक्षकांची नोकरी माध्यमिक शाळा संहितेच्या भरवशावर चालत असे. ही संहिता म्हणजे शासकीय सूचनांचा संग्रह होता. तिचा भंग झाला तर शाळेचे अनुदान कापता येई. पण काढून टाकलेल्या शिक्षकाला तिच्या आधारे न्यायालयात जाऊन नोकरी परत मागणे अवघड होते. हा कायदा १९७७ चा असला, तरी तो अमलात आला १५ जुलै १९८१ रोजी, नियमावलीसह. अनुदानित असो वा विनाअनुदानित, मान्यताप्राप्त खासगी शाळेला तो लागू झाला, आणि दाद मागण्यासाठी शाळा न्यायाधिकरणे स्थापन झाली.

कायदा करणाऱ्यांना संस्थाचालकांच्या युक्त्या ठाऊक होत्या, हे राजीनाम्याच्या कलमावरून दिसते. राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही व तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, असे ते सांगते. रुजू होतानाच कोऱ्या कागदावर घेतलेली सही पुढे राजीनामा म्हणून बाहेर काढली जाऊ नये, हा त्यामागचा उघड हेतू होता. मराठीत ‘राजीनामा दिला’ आणि ‘राजीनामा घेतला’ हे दोन्ही प्रयोग सर्रास चालतात, यातच बरेच काही आले.

खरा गुंता नवव्या कलमात आहे. बडतर्फी, सेवेतून दूर करणे, ‘अन्य प्रकारे’ सेवासमाप्ती, पदावनती आणि बढतीत डावलले जाणे, एवढ्याच कारणांसाठी न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, तेही आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. ‘अन्य प्रकारे’ या दोन शब्दांवर चाललेला वाद फार मोठा आहे, कारण लेखी आदेश देऊन नोकरी घालवण्याची तसदी घेतलीच जाते असे नाही. सकाळी शिक्षिका शाळेत येते, हजेरीपट मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असतो आणि शिपाई सांगतो की, बाईंना आत सोडू नका असा निरोप आहे. अशा तोंडी समाप्तीत ३० दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे आणि समाप्ती झाली हे सिद्ध कशाने करायचे? विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे; पण त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने हरकतीचे पत्र धाडलेली शिक्षिका आणि आठवडाभर वाट पाहणारी शिक्षिका यांच्या प्रकरणांत पुढे बराच फरक पडतो.

याच कलमाचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. ज्याला काढले त्याच्यासाठी न्यायाधिकरणाचे दार उघडे आहे. ज्याला काढलेले नाही, पण सहा महिने पगार दिलेला नाही, त्याला तेथे थेट जाता येत नाही. त्याने शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा किंवा उच्च न्यायालयात याचिका करावी. कामगार न्यायालयाचा मार्ग १९८८ मध्ये बंद झाला. गोव्यातील एका खासगी शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे, असे ठरवले. अध्यापनाच्या थोरवीचा तो गौरवही असेल, पण त्याचा व्यावहारिक तोटा शिक्षकांनाच झाला. ग्रॅच्युइटीतही, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या उपदानाच्या कायद्यातही, शिक्षक ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसत नाही, असा निकाल २००४ मध्ये लागला होता. तो फिरवण्यासाठी संसदेला २००९ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला.

काढल्यापासून परत घेईपर्यंतच्या मधल्या काळातील वेतनाबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा निकाल २०१३ चा असून तो मराठवाड्यातील आहे. एका प्राथमिक शिक्षिकेला २००६ मध्ये ज्ञापनांचा (मेमोंचा) भडिमार करून निलंबित करण्यात आले आणि नंतर काढण्यात आले. न्यायाधिकरणाने तिला संपूर्ण मागील वेतनासह परत घेण्याचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने कामावर घेण्याचा भाग कायम ठेवला, वेतनाचा मात्र रद्द केला, कारण त्या काळात ती बेकार होती याचा पुरावा तिने दिला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ते वेतन पुन्हा बहाल केले. चुकीने काढलेल्याला मागील वेतन देणे हा सर्वसाधारण नियम आहे. आपण अन्यत्र कमावत नव्हतो एवढे कर्मचाऱ्याने सांगावे, कमावत होता असे म्हणणाऱ्या मालकाने ते सिद्ध करावे, असा या निकालाचा आशय आहे. शिकवणी घेऊन घर चालवणाऱ्या शिक्षिकेने काय सांगायचे, हा प्रश्न उलटतपासणीत तरीही येतोच.

दरम्यान नोकरीचे स्वरूपच पातळ होत गेले. २००० पासून शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काम करणे आले. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये १६,००० रुपये झाले, त्याआधी ते ६,००० होते. ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे कधीच अनुदान मागणार नाही या अटीवर परवानगी मिळालेल्या, शाळांच्या बिरुदातील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला आणि २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान सुरू झाले. त्या अवधीत अनेक शिक्षकांनी नाममात्र पैशांवर वर्षे काढली.

वसुलीसाठी अकराव्या कलमात तरतूद आहे. निकालाप्रमाणे देय रक्कम शाळेच्या अनुदानातून कापून थेट कर्मचाऱ्याला द्यावी, अशी शिफारस न्यायाधिकरण शासनाकडे करू शकते. अनुदानित शाळेपुढे हा धाक खरा आहे. ज्या शाळेला अनुदानच मिळत नाही, तिथे कापायला काहीच नसते आणि निकालाची प्रत घेऊन शिक्षकाला संस्थेच्या कार्यालयात पुन्हा खेटे घालावे लागतात.