होमबिल्ट विमानाला पर्यायी इंजिन बसवायचंय? नाशिककरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची माहिती

होमबिल्ट, म्हणजे हौसेने स्वतः बांधलेल्या विमानाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: विमानाच्या सुट्या भागांचा संच विकणारा किटवाला सांगतो ते इंजिन परवडत नाही, दुसरं बसवलं तर चालेल का? नाशिकमध्ये बसवणं फार अवघड नाही. अंबड-सातपूरला माउंट बनवून मिळतो, टिग वेल्डिंगचे चांगले कारागीर आहेत, आणि ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एखादे काका सल्ला द्यायला असतातच. अडतं ते फाइलमध्ये. डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकापुढे जाणाऱ्या बहुतेक कागदांवर इंजिनाचं मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. म्हणून आधी इंजिन ठरवा, मग अर्ज भरा. मध्येच इंजिन बदललं तर वजन-संतुलनाच्या तक्त्यापासून चाचणी आराखड्यापर्यंत सगळं पुन्हा करावं लागतं.

अर्ज कोण करू शकतं

भारतीय नागरिक किंवा भारतात नोंदलेली कंपनी नोंदणी मागू शकते. तिघा-चौघांनी मिळून विमान बांधत असाल तर मालकी कोणाची, हे पहिल्याच महिन्यात लिहून ठेवा. विमान बांधायला वैमानिक परवाना लागत नाही, उडवायला लागतो. खासगी वैमानिक परवान्यासाठी वय किमान 17, शिक्षण दहावी, क्लास 2 मेडिकल आणि किमान 40 तासांचं उड्डाण हवं. नव्या इंजिनावरचं पहिलं उड्डाण मात्र नुकताच परवाना मिळालेल्या माणसाने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

1934 चा विमान कायदा आता इतिहासजमा झालाय. 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम 2024 लागू आहे, त्यामुळे कोणाच्या जुन्या फाइलमधली कलमं तशीच उतरवू नका. किटसोबत येणाऱ्या अमेरिकन कागदांचंही तेच. निम्म्याहून जास्त काम हौशी बांधणाऱ्याने केलेलं हवं, ही अट एफएए या अमेरिकन विमान नियामकाची आहे. तिथली मान्यता इथे पुरावा म्हणून जोडता येते, पण तेवढ्याने डीजीसीएची परवानगी मिळत नाही.

इंजिन निवडताना कागद आधी बघा

हलक्या विमानांच्या रोटॅक्स 912 इंजिनाचं उदाहरण घ्या. 100 अश्वशक्तीचं हे इंजिन 912 एस आणि 912 यूएलएस अशा दोन रूपांत येतं. बाहेरून सारखीच दिसतात, पण एस विमान नियामकाकडून प्रमाणित आहे आणि यूएलएस नाही. यूएलएसच्या मॅन्युअलमध्ये कंपनीच बजावते की हे इंजिन अचानक बंद पडू शकतं. याचा अर्थ यूएलएस वाईट असा नाही. जगभर हजारो विमानांवर ते चालतंय. फरक पडतो तो पुराव्यात. प्रमाणित इंजिनासोबत युरोपच्या नियामकाचा ईएएसए फॉर्म 1 किंवा एफएए 8130-3 हे प्रमाणपत्र येतं. अप्रमाणित इंजिनाच्या बाबतीत पुरावा देण्याचं ओझं तुमच्यावर येतं. अमेरिकेत प्रमाणित इंजिन-प्रोपेलर जोडीला चाचणीचे 25 तास आणि बाकीच्यांना 40 तास अशी जुनी विभागणी आहे, तिच्यामागे हाच हिशोब आहे.

जुनं कॉन्टिनेंटल ओ-200 हे विमान इंजिन स्वस्तात मिळालं तर लॉगबुकाशिवाय हात लावू नका. एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (नियामकाने सुरक्षेसाठी सक्तीच्या केलेल्या तपासण्या-दुरुस्त्या) पाळल्याच्या नोंदी आणि प्रोपेलर कधी जमिनीला लागला होता का, हे दोन्ही बघा. लागला असेल तर इंजिन उघडून तपासल्याची सही हवी.

राहिलं गाडीचं इंजिन. फोक्सवॅगन, सुबारू, सुझुकीचं एक लिटरचं तीन सिलिंडरवालं, ही सगळी परदेशात हलक्या विमानांवर बसली आहेत. गाडीचं इंजिन ताकद देतं साधारण 5,000 आरपीएमला, प्रोपेलरला मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास हवे असतात. म्हणून मध्ये फेरे कमी करणारं रिडक्शन गिअर येतं. क्रँक, गिअर आणि प्रोपेलर यांच्यातली पिळाची कंपनं एका विशिष्ट आरपीएमला जुळली की दात किंवा शाफ्ट तुटतो. सातपूरचा कारखाना गिअर अचूक कापून देईल, पण कंपनांचा अहवाल त्याच्याकडे नसतो. तो अहवाल, दुहेरी इग्निशनची मांडणी आणि प्रोपेलर बनवणाऱ्याचं 'ही जोडी चालेल' असं पत्र, हे तिन्ही जमत नसेल तर हा नाद सोडलेला बरा.

नाशिकची उंची आणि पंपावरचं पेट्रोल

ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर आहे. मे महिन्यात पारा 40 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आपण 5,300 फुटांवर आहोत असंच वाटतं. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे 100 अश्वशक्तीतली 84-85 च हातात उरते. अर्जातले टेकऑफ अंतराचे आकडे याच हिशोबाने काढा, ब्रोशरवरून उतरवू नका.

इंधनाचा घोळ याहून मोठा. पंपावर आता ई20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. रोटॅक्सची 912 मालिका 10 टक्क्यांपर्यंतच चालवते. त्यामुळे 'साध्या पेट्रोलवर चालतं' हा किटवाल्याचा दावा आपल्याकडे लंगडा पडतो. उरतं विमानांसाठीचं पेट्रोल, अ‍ॅव्हगॅस 100 एलएल. ते इंडियन ऑइल 2022 पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवतंय, पण त्यात शिसं असतं. नेहमी तेच वापरलं तर रोटॅक्सचं तेल दर 25 तासांनी बदलावं लागतं. शिवाय 200 लिटरचं बॅरल गॅरेजमध्ये ठेवता येत नाही. पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंतच सूट आहे. कोणतं इंधन वापरणार, ते फ्लाइट मॅन्युअलमध्ये आणि टाकीच्या तोंडाजवळच्या पाटीवर सारखंच लिहिलेलं असावं.

फाइलमध्ये काय लावायचं

ओळख आणि नागरिकत्वाचे पुरावे, किट आणि इंजिनाची बिलं, आयात असेल तर बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याची पावती. इंजिन कस्टममध्ये 8407 10 या विमान इंजिनांच्या शीर्षकाखाली नीट दाखवलंय का ते बघा, नाहीतर पुढे खुलासे देत बसावं लागतं. त्यानंतर बांधकामाची नोंदवही, तारखांसकट फोटो आणि प्रत्येक टप्प्यावर परवानाधारक एएमईने (विमान देखभाल अभियंत्याने) केलेल्या तपासणीच्या सह्या. पंख बंद करण्याआधी आणि इंजिन लावण्याआधी ही सही घ्या. पत्रा ठोकल्यावर आत काय आहे ते कोणी बघू शकत नाही.

पर्यायी इंजिनासाठी यात माउंटचं ड्रॉइंग आणि ताकदीची गणितं, इंधन व कूलिंगची मांडणी, जमिनीवर चालवलेल्या तासांची नोंद आणि प्रत्यक्ष काट्यावर केलेलं वजन-संतुलन वाढतं. ओ-200 साठी आखलेल्या नाकावर रोटॅक्स बसवलं की ढोबळमानाने वीसेक किलो कमी होतात आणि गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो पुढे आणायला माउंट लांबवावा लागतो. शेपटीत वजन टाकून काम भागत नाही, कारण ते उलट्याच दिशेला जातं.

अर्ज कुठे आणि किती वेळ

नोंदणीचा अर्ज, म्हणजे सीए-28, डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर भरायचा आणि शुल्क सरकारच्या भारतकोष पोर्टलवरून. व्हीटीने सुरू होणारं नोंदणी चिन्ह मिळालं म्हणजे उडायची मुभा मिळाली असं नाही. चाचणी उड्डाणाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. विमानात रेडिओ असेल तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचा परवाना सरल संचार पोर्टलवरून काढायचा.

वेळेबद्दल स्वप्नं नकोत. मुंबईत गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव 2011 पासून नोंदणीच्या मागे होते. व्हीटी-एनएमडी हे चिन्ह मिळालं नोव्हेंबर 2017 मध्ये आणि धुळ्यातल्या चाचणी उड्डाणाला 2020 उजाडलं.

उडवायचं कुठून

ओझर एचएएलचं, गांधीनगर लष्कराचं आणि देवळालीला तोफखान्याची फायरिंग रेंज. म्हणून बाहेरच्या धावपट्टीचं संमतीपत्र अर्जाआधीच मिळवा. धुळ्याजवळचं गोंदूर त्यातल्या त्यात सोयीचं. विमान पंख काढून ट्रकवर जाईल. तिथे पंख जोडल्यावर कंट्रोलची तपासणी दोन वेगवेगळ्या माणसांनी करायची आणि दोघांच्या सह्या त्याच दिवशी लॉगबुकात घ्यायच्या.