दुनळीची निवड कोणी केली?

बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या सुरक्षारक्षकाच्या मांडीवरची बंदूक आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. लाकडी दस्ता, शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन नळ्या, खाली एकामागे एक असे दोन चाप आणि खांद्यावरून घेतलेल्या कातडी पट्ट्यात ओवलेली मोजकी काडतुसे. ही बारा बोअरची दुनळी. शिकारीसाठी, नेमबाजीसाठी किंवा घराच्या राखणीसाठी छऱ्यांची बंदूक कोणत्या प्रकारची घ्यावी, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत गिऱ्हाईक दुकानात उभे राहून सोडवते. आपल्याकडे मात्र त्याचे बरेचसे उत्तर गिऱ्हाईक जन्माला येण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पक्षी-शिकाऱ्यांची आवड, १९५९ चा शस्त्र कायदा आणि देशात मिळणारे काडतूस या तिघांनी मिळून ते ठरवले आहे. ही दुनळी आपल्यापर्यंत कशी आली आणि तिच्या पलीकडचे पर्याय मागे का राहिले, याचा हा मागोवा आहे.

आधी ‘बारा’ या आकड्याचा उलगडा केला पाहिजे, कारण तो इंच किंवा मिलिमीटर दाखवत नाही. नळीच्या पोकळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली आणि तशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरले, तर ती नळी बारा बोअरची. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोअरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो, वीस बोअरचा सुमारे १५.६ मिलिमीटर. तोफांच्या गोळ्यांचे वजन पौंडात मोजण्याच्या काळातली ही पद्धत आजही परवान्याच्या पुस्तिकेवर तशीच उतरते. दुसरी गोष्ट नळीच्या आतल्या पृष्ठभागाची. रायफलच्या नळीत पिळाचे आटे असतात आणि ते एकाच गोळीला फिरकी देऊन दूरवर सरळ नेतात. छऱ्यांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून सुटलेले छर्रे पसरत जातात. उडत्या पक्ष्यासाठी हा पसारा उपयोगाचा असतो, पण चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे तो विरळ होऊन निकामी ठरतो. गुळगुळीत नळीची ही मर्यादा पुढे कायद्याच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण ठरणार होती.

उडता पक्षी टिपण्याच्या नादातूनच या बंदुकीची बहुतेक सुधारणा झाली. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ हे पेशाने धर्मोपदेशक, पण पाणपक्ष्यांच्या शिकारीचे वेडे. गारगोटीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर आधी कानातल्या, म्हणजे नळीच्या मागच्या छिद्रापाशी ठेवलेल्या, दारूचा भडका उडे आणि क्षणभराने बार निघे. तेवढ्यात पक्षी सावध होऊन निसटत. या वैतागातून त्यांनी आघाताने पेटणारे रसायन बंदुकीत वापरले आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याच्या टोपीची बंदूक आली. युद्धखात्यांनी नंतर उचललेली ही कल्पना मुळात बदकांवरच्या रागातून निघाली, हे विसरू नये. तरीही बंदूक तोंडाकडूनच ठासावी लागे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात लफोशो या फ्रेंच कारागिराची मागून उघडणारी, काडतुसाची बंदूक मांडली गेली, तेव्हा इंग्रज बंदूकवाल्यांनी आधी नाके मुरडली आणि मग काही वर्षांतच तिची नक्कल करून तिला परिपूर्ण केले. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतील अँसन आणि डिली यांनी घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा भाग, आत दडवलेली, नळ्या वाकवून उघडताच आपोआप चढणारी रचना सिद्ध केली. आजही देशी बनावटीच्या कित्येक दुनळ्यांच्या पोटात तीच रचना आहे.

दोन नळ्या कशासाठी, याचे उत्तर त्याच काळात पक्के झाले. नळीचे तोंड किंचित आवळले तर छऱ्यांचा पसारा कमी होतो, हे तंत्र १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये रुळले. सुमारे ३६ मीटरवर ७६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखले, तर सरळ नळीचे साधारण ४० टक्के छर्रे त्यात पडतात आणि पूर्ण आवळलेल्या नळीचे साधारण ७० टक्के. म्हणून दुनळीची उजवी नळी बहुधा मोकळी आणि डावी आवळलेली असते. पुढचा चाप ओढला की उजवी नळी उडते आणि जवळून उठलेल्या पक्ष्याला पसारा मिळतो. तो चुकून दूर गेला की मागच्या चापावर बोट सरकवायचे. अंतराचा निर्णय एका बोटाच्या हालचालीत बसवणारी ही रचना होती आणि माझ्या मते या बंदुकीतली सर्वांत हुशार गोष्ट तीच. बँकेच्या दारात मात्र तिचा काडीचाही उपयोग नाही.

हिंदुस्थानात ही बंदूक साहेबांच्या सामानातून आली आणि संस्थानिकांच्या शस्त्रागारांत स्थिरावली. भरतपूरच्या केवलादेव सरोवरावर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुण्यांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले, आणि हा आकडा तिथल्या दगडावर अभिमानाने कोरून ठेवला आहे. इथल्या शिकारीची गरज इंग्लंडपेक्षा थोडी वेगळीही होती. तितरामागे निघालेल्या माणसासमोर झुडपातून अस्वल किंवा वाघ येऊ शकत असे. बंगालच्या सैन्यात राहिलेल्या फॉस्बेरी या अधिकाऱ्याने नळीच्या शेवटच्या दोनेक इंचांतच आटे पाडण्याची युक्ती काढली आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १८८६ च्या सुमारास ती ‘पॅराडॉक्स’ या नावाने बाजारात आणली. छर्रे आणि भरीव गोळी दोन्ही उडवणारी ही बंदूक हिंदुस्थानच्या रानात लोकप्रिय झाली. एकाच शस्त्राने सगळी कामे भागावीत, ही आपली अपेक्षा तेव्हापासूनची म्हणावी लागेल.

सामान्य माणसाच्या हाती यांपैकी काही सहजासहजी येणार नव्हते. १८५७ नंतर देशभर शस्त्रे काढून घेण्याचे धोरण सुरू झाले आणि व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत १८७८ च्या शस्त्र कायद्याने ते कायम झाले. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना, युरोपियनांना मात्र सूट होती. हा भेद इतका झोंबणारा होता की काँग्रेसच्या कराचीतील १९३१ च्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला गेला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. परवान्याची चौकट कायम राहिली, पण तिच्या आत एक बारीक पायरी तयार झाली.

या कायद्याचे तेरावे कलम वाचल्याशिवाय आपल्याकडची दुनळी समजत नाही. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक मागितली, अथवा पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर अर्जदार अन्य कारणाने अपात्र नसल्यास परवाना द्यावा, असा त्या कलमाचा रोख आहे. पिस्तूल किंवा रायफल मागणाऱ्याला मात्र आपल्याला ते का हवे, याचे सबळ कारण दाखवावे लागते. वीस इंचांपेक्षा आखूड नळी आणि अर्धस्वयंचलित (प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप चढवणारी) रचना वेगळ्या, कडक वर्गात ढकलली गेली. म्हणजे ज्या मर्यादेमुळे छर्रे पन्नास मीटरपुढे निकामी होतात आणि ज्या लांबीमुळे बंदूक सदऱ्याखाली लपत नाही, त्या दोन्ही गोष्टी सरकारला सोयीच्या वाटल्या. १९८० च्या दशकात विदेशी बंदुकांच्या आयातीचा दरवाजाही जवळजवळ बंद झाला. मग उरल्या त्या वारशाने आलेल्या जुन्या इंग्रजी आणि बेल्जियन दुनळ्या, सरकारी आयुध निर्माणींच्या बंदुका आणि बिहारमधल्या मुंगेरच्या कारागिरांनी घडवलेल्या एकनळ्या-दुनळ्या. बंगालचा नवाब मीर कासिम याने १७६२ च्या सुमारास राजधानी मुंगेरला हलवून तिथे शस्त्रे घडवण्यास सुरुवात केली, तेव्हापासून त्या गावाने हा व्यवसाय सोडलेला नाही. आणि काडतूस? ते बहुतेकदा आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे. १८६९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ छापाची बारा बोअरची काडतुसे देशभरातल्या बंदुकीच्या दुकानांत विकली गेली. सोळा किंवा वीस बोअरची सुबक विलायती बंदूक वारशाने मिळालेल्या माणसाला काडतुसांसाठी वणवण करावी लागते. बारा बोअरवाल्याला ती वेळ येत नाही. आवडीनिवडीचा प्रश्न इथेच निम्मा संपतो.

घराच्या राखणीसाठी आज इंग्रजीत जी चर्चा चालते ती मुख्यत्वे अमेरिकेची आहे आणि तिथला इतिहास निराळा आहे. तिथे दोन नळ्यांऐवजी एकाच नळीखाली काडतुसांची कोठी बसवली गेली. पुढचा लाकडी भाग मागे-पुढे सरकवून भरण्याची विंचेस्टरची १८९७ ची पंप बंदूक पहिल्या महायुद्धात खंदकांत पोहोचली आणि तिच्याविरुद्ध जर्मनीने १९१८ मध्ये रीतसर निषेध नोंदवला. रेमिंग्टनच्या १९५० नंतरच्या ‘८७०’ नमुन्याच्या तर एक कोटीहून अधिक बंदुका बनल्या. हीच बंदूक पोलिसांच्या गाडीत, शेतकऱ्याच्या कोठारात आणि शहरी माणसाच्या कपाटात गेली, त्यामुळे पंप म्हणजे घराची राखण हे समीकरण तिथे रुजले. तिथेही कायद्याची पट्टी आहेच. अमेरिकेत १९३४ पासून अठरा इंचांहून आखूड नळीवर कडक नियंत्रण आहे. ब्रिटनमध्ये ही मर्यादा चोवीस इंचांची, आणि हंगरफर्ड या इंग्रजी गावातल्या हत्याकांडानंतर १९८८ मध्ये पंप व अर्धस्वयंचलित बंदुकांच्या कोठीवरही बंधन आले. आपली वीस इंचांची रेषा या दोहोंच्या मध्ये पडते. आपल्या आयुध निर्माणींनीही पंप बंदूक बनवली, परवान्यावर ती मिळते, पण बँकेचा रक्षक अजून दुनळीच सांभाळून बसलेला दिसतो. उघडून भरली आहे की रिकामी, हे तिच्यात नजरेने कळते. मला वाटते तिची सगळ्यात मोठी सुरक्षितता हीच असावी.

शिकारीचा पर्याय आपल्याकडे कायद्यानेच मिटला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक नियंत्रण आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची उरलीसुरली शिकारही थांबवली. आता तितर, लावा, ससा यांपैकी कशामागेही बंदूक घेऊन जाणे हा गुन्हा आहे. ‘शिकारीसाठी कोणती बंदूक’ हा प्रश्न महाराष्ट्रातला माणूस विचारत असेल, तर त्याचे उत्तर एका शब्दात आहे: कोणतीही नाही.

खेळाचा रस्ता मात्र उघडा राहिला, आणि तिथे दुनळी आडवीची उभी झाली. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चक्क जिवंत कबुतरे सोडून मारली गेली होती. पुढे त्यांची जागा मातीसारख्या ठिसूळ चकत्यांनी घेतली, तरी इंग्रजीत त्या चकतीला अजून मातीचे कबूतरच म्हणतात. ट्रॅप प्रकारात पंधरा मीटर पुढच्या खंदकातून चकती कोणत्या दिशेला उडेल हे नेमबाजाला ठाऊक नसते आणि ती दूर जात असते, त्यामुळे नळी लांब आणि तोंड आवळलेले लागते. स्कीटमध्ये चकतीची वाट ठरलेली असते, पण ती दिसेपर्यंत बंदूक कमरेपाशी धरावी लागते. मग आखूड, चपळ आणि मोकळ्या तोंडाची बंदूक बरी पडते. दोन्हींत नळ्या एकावर एक असतात. नेम धरताना डोळ्यापुढे एकच अरुंद पट्टी राहते आणि खालची नळी आधी उडाल्यामुळे धक्का सरळ खांद्यात येऊन तोंड कमी उचलले जाते. अमेरिकेचे बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी आयुष्याच्या अखेरीस आखलेली अशी बंदूक त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये विक्रीस आली आणि खेळाची हीच रीत ठरली. भारतात ही परंपरा राजवाड्यातून मैदानात आली. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी १९६२ च्या कैरोतील जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवले आणि ते पाच ऑलिंपिकमध्ये उतरले. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचे, म्हणजे एकाच वेळी दोन चकत्या टिपण्याच्या प्रकाराचे, रौप्य आणले. महाराष्ट्राचे नाव अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांनी गाजवले, ते सारे रायफलवर. छऱ्यांच्या खेळाला मोकळे विस्तीर्ण मैदान आणि मूठभर नव्हे, पेट्यांनी काडतुसे लागतात.

राहता राहिली ठासणीची. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती अजून भिंतीला टांगलेली दिसते. नळीत मोजून दारू ओतायची, वर बोळा घालून गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि शेवटी कानावर टोपी. एवढे करून एकच बार मिळतो, आणि पावसाळी हवेत तोही फुसका निघू शकतो. तेराव्या कलमात यावर एक वाट ठेवलेली आहे: पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक पुरणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. त्या आधारावर काही घरांत काडतुसाची एकनळी किंवा दुनळी आली. पण रानडुक्कर हाही संरक्षित प्राणी असल्याने तो मारायला वन खात्याची स्वतंत्र परवानगी लागते, म्हणून बहुतेक रात्री बार आभाळातच काढला जातो. त्यात निवडणूक जाहीर झाली की कोणाची शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करायची हे छाननी समिती ठरवते. महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान २०१४ मध्ये आणि २०१९ मध्ये ऑक्टोबरात झाले, २०२४ मध्ये नोव्हेंबरात. कोकणात भात कापणीला येते ते हेच दिवस. ज्याची बंदूक जमा होते, तो त्या रात्री पत्र्याचा डबा बडवत मळ्यात बसतो.