परमवीर चक्राची पूर्वपीठिका

एतद्देशीय शिपायांच्या शौर्याची पदकाने दखल घेण्याची पद्धतशीर व्यवस्था ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ स्थापन करून घालून दिली. या सन्मानाचे तीन वर्ग होते. पहिल्या पराक्रमाबद्दल शिपायाला तिसरा वर्ग मिळे आणि वरच्या वर्गात जायचे, तर पुन्हा एकदा रणांगणावर जिवावर उदार व्हावे लागे. पदकाबरोबर वाढीव वेतन मिळत असे, हे खरे. पण एकदा सिद्ध झालेले शौर्य पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावणारी ही रचना माझ्या मते कठोरच होती.

१८५६ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला. हुद्दा, सेवेची वर्षे किंवा अंगावरच्या जखमा यांपैकी काहीही न पाहता केवळ शत्रूसमोर केलेले कृत्य पाहायचे, हे त्याचे मूळ तत्त्व होते. तरीही भारतीय सैन्यातील देशी सैनिक या सन्मानाला पात्र ठरले ते १९११ मध्ये, म्हणजे तब्बल ५५ वर्षांनी. पुढे ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममधील होलेबेके येथे मशीनगन चालवणारे खुदादाद खान हे त्याचे पहिले भारतीय मानकरी ठरले. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी आपल्या तुकडीतील सारे सहकारी पडल्यावर एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढत ते ठाणे जिंकले. त्यांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला.

स्वतंत्र भारताने २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर, महावीर आणि वीर ही तीन चक्रे स्थापन केली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केली, त्यामुळे काश्मीरच्या लढाईतील सैनिकांचा त्यांत समावेश होऊ शकला. परमवीर चक्राचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकर यांनी केले. त्या जन्माने युरोपीय. भारतात येऊन त्यांनी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि त्या संस्कृत व पुराणे यांत रमल्या. देवांच्या शस्त्रासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा त्यांनी निवडली आणि कांस्यपदकावर राजमुद्रेभोवती चार वज्रे कोरली गेली. या पदकाच्या आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले आहे, हे पाहता या प्रतीकाहून समर्पक काही सुचले असते, असे वाटत नाही.

पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हात प्लास्टरमध्ये असतानाही बडगामच्या लढाईत उतरले आणि ३ नोव्हेंबर १९४७ रोजी तेथेच धारातीर्थी पडले. त्यानंतर एप्रिल १९४८ मध्ये बॉम्बे इंजिनिअर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी नौशेरा-राजौरी रस्त्यावर सलग काही दिवस शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली. राणे यांना पदक मिळाले ते वाट मोकळी करण्याच्या कामाबद्दल, आणि शौर्याची व्याख्या किती व्यापक ठेवली गेली, हे त्यातून दिसते.

शत्रूशी समोरासमोर लढाई नसतानाच्या शौर्यासाठी १९५२ मध्ये अशोक चक्र आले. नागरिकांनाही ते मिळू शकते. कंपनीच्या ऑर्डरप्रमाणेच त्यालाही आरंभी पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग होते. १९६७ मध्ये हे क्रमांक काढून त्यांना अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी स्वतंत्र नावे देण्यात आली.