धावण्याच्या बुटांचे माप

धावण्याच्या बुटाची लांबी, चवड्यापाशी रुंदी व घेर आणि टाचेपाशी पकड धावणाऱ्याच्या पावलाशी जुळवून घेण्याची रीत. व्यवहारात ज्याला ‘नंबर’ म्हणतात तो यातील फक्त लांबीचा आकडा होय. इंग्लिश, अमेरिकी व युरोपीय पद्धतींत तर तो पावलाचाही नसतो. बूट ज्या ठोकळ्यावर चढवून बेततात त्या फर्म्याचा तो असतो. पावलाहून फर्मा किती लांब ठेवायचा हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो, म्हणून एकाच नंबरचे दोन बूट पायात सारखे बसत नाहीत.

उगम : इंग्लिश नंबरांत दोन लगतच्या पूर्ण नंबरांमध्ये १/३ इंचाचे (८.४७ मिमी.) अंतर असते. या अंतराला ‘बार्लीकॉर्न’, म्हणजे सातूचा दाणा, असे नाव आहे. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याने १३२४ मध्ये ‘तीन दाण्यांचा एक इंच’ असा हुकूम काढला आणि तेव्हापासून जोड्यांचे नंबर सुरू झाले, ही माहिती अनेक ठिकाणी जशीच्या तशी दिलेली आढळते. ती जपून घ्यावी लागते. तीन कोरड्या, गोल दाण्यांचा इंच सांगणारा कायदा आहे, पण त्यावर तारीख नाही. तो सामान्यतः तेराव्या शतकाचा उत्तरार्ध ते चौदाव्याचा आरंभ या काळातील मानला जातो. त्याचा विषय जमिनीची मोजणी आहे, पादत्राणे नव्हेत. याहून महत्त्वाचा पुरावा रँडल होम या इंग्लिश लेखकाच्या १६८८ च्या ग्रंथात मिळतो. त्यात जोड्याच्या मापाचे स्पष्ट वर्णन आहे : पहिले पाच इंच सोडून द्यायचे, पुढच्या प्रत्येक पाव इंचाला एक नंबर धरायचा, आणि मुलांचे नंबर तेरापर्यंत मोजायचे. नंबर चौदाव्या शतकापासून सातूच्या दाण्यावर बेतलेले असते, तर सतराव्या शतकाच्या अखेरीस ते पाव इंचाने मोजले जात होते याचा उलगडा होत नाही. तेव्हा १/३ इंचाची पायरी होमनंतरची असावी आणि सातूशी तिचा संबंध मागाहून जोडला गेला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तेरा नंबरांनंतर पुन्हा एकपासून मोजण्याची चाल मात्र होमच्या काळाइतकी तरी जुनी आहे.

सातू हे लांबीचे एकक भारतातही होते, हे येथे नोंदवणे अगत्याचे आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात आठ यवमध्यांचे (यव म्हणजे सातू) एक अंगुल आणि चौदा अंगुलांचे एक पद सांगितले आहे. इंग्लिश रीतीत दाणे लांबीने एकापुढे एक ठेवतात, भारतीय रीतीत ते मधल्या जाडीने शेजारी शेजारी लावतात. अंगुल साधारण १.९ सेंमी. धरले तर पद सुमारे २६.५ सेंमी. भरते. प्रौढ पुरुषाच्या पावलाच्या हे फार जवळ आहे. यावरून जोड्यांचे नंबर भारतात ठरत होते असे मात्र म्हणता येत नाही.

पद्धती : आजच्या इंग्लिश पद्धतीत शून्य चार इंचांवर आहे. तेथून मुलांचे तेरा नंबर संपले की ८ १/३ इंचांपासून प्रौढांची मोजणी सुरू होते. म्हणून फर्म्याच्या इंचांतील लांबीची तिप्पट करून २५ वजा केले की प्रौढांचा नंबर मिळतो. अमेरिकी पुरुषांच्या नंबरासाठी २४ वजा करतात. अर्धे नंबर अमेरिकेत १८८० च्या दशकात आले. युरोपीय पद्धतीची पायरी २/३ सेंमी. असून तिला ‘पॅरिस पॉइंट’ म्हणतात. फर्म्याच्या सेंटिमीटरांची दीडपट म्हणजे युरोपीय नंबर. जपानी पद्धत व आयएसओ ९४०७ या आंतरराष्ट्रीय मानकातील ‘मोंडोपॉइंट’ या दोन्ही मात्र पावलाचीच लांबी सांगतात. मोंडोपॉइंटमध्ये रुंदीही मिलिमीटरांत दिलेली असते. धावणाऱ्याच्या दृष्टीने हीच सर्वांत सरळ पद्धत, पण तिचा वापर मुख्यतः लष्करी व स्कीइंगच्या बुटांपुरता राहिला आहे.

उदाहरणार्थ, पाऊल २६ सेंमी. आणि फर्मा दीड सेंमी. जास्त, म्हणजे २७.५ सेंमी. (१०.८३ इंच) असेल, तर इंग्लिश नंबर साडेसात, अमेरिकी साडेआठ आणि युरोपीय ४१ येतो. प्रत्यक्षात कंपन्या हे गणित काटेकोर पाळत नाहीत. इंग्लिश ८ म्हणजे नायकेच्या तक्त्यात अमेरिकी ९, तर आदिदासच्या तक्त्यात साडेआठ. भारतात बुटावर सहसा इंग्लिश नंबर वाचला जातो, पण परदेशातून कुणी पाठवलेल्या जोडीवर अमेरिकी नंबर असतो, आणि घोटाळा बहुधा येथेच होतो. जिभेच्या आतल्या पट्टीवर सर्व नंबरांसोबत सेंटिमीटर छापलेले असतात. जोड्या ताडून पाहताना तोच आकडा धरावा.

रुंदी : अमेरिकी पद्धतीत रुंदी अक्षरांनी दाखवतात. पुरुषांत डी ही सर्वसाधारण, २ई रुंद व ४ई अतिरुंद. स्त्रियांत बी सर्वसाधारण आणि डी रुंद. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूसच्या चार्ल्स ब्रॅनॉक याने १९२८ मध्ये पेटंट घेतलेल्या मापकात टाच ते बोटे, रुंदी आणि टाच ते चवडा अशी तिन्ही मापे मिळतात. तिसरे माप बहुतेक दुकानांत घेतलेच जात नाही, आणि ही उणीव मोठी आहे. बूट जेथे वाकतो तेथेच पाऊलही वाकले पाहिजे. रुंद पावलाचा माणूस करंगळीशी बूट लागतो म्हणून एक नंबर मोठा घेतो. त्यात त्याला घेरात जेमतेम पाव इंच मिळतो, पण लांबी साडेआठ मिमी.ने वाढते, वाकण्याची जागा चवड्याच्या पुढे सरकते आणि टाच सुटू लागते. पाऊल आत घसरू नये म्हणून तो नाड्या आवळतो, आणि मग पावलाची वरची बाजू दुखू लागते. नंबर न वाढवता रुंद फर्म्याचा बूट शोधणे हाच यावरचा इलाज आहे.

भारतीय पावले युरोप-अमेरिकेतील पावलांहून रुंद असतात, हे चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या पाहणीत दिसून आले. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात ७९ ठिकाणी १,०१,८८० व्यक्तींच्या पावलांची त्रिमितीय मापे घेण्यात आली. त्यावरून ‘भा’ नावाची आठ मापांची भारतीय पद्धत सुचवण्यात आली. तीत अर्ध्या नंबरांची गरज राहत नाही. रुंदीचे कारण आनुवंशिक की सवयीचे, याविषयी एकमत नाही. दक्षिण भारतातील अनवाणी चालणारे, तेथीलच पादत्राणे वापरणारे आणि पाश्चात्त्य लोक यांची तुलना करणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनवाणी चालणाऱ्यांचे चवडे अधिक रुंद आढळले. सवयीचा वाटा बराच असावा, असे त्यावरून मानता येते.

मापन : पाऊल दिवसभरात फुगते, म्हणून माप संध्याकाळी घेणे श्रेयस्कर. ए-४ कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवावा, धावतानाचे मोजे घालून टाच भिंतीला लावावी आणि दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन उभे राहावे. बसून घेतलेले माप कमी भरते. पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी. हे बोट अंगठाच असेल असे नाही. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते. दोन्ही पावले मोजून मोठ्याचे माप धरावे.

बुटात उभे राहिल्यावर लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे एक ते दीड सेंमी., जागा राहावी. रोजच्या वापरातल्या बुटात एवढी जागा सैल वाटते. धावताना मात्र पाऊल फुगते आणि प्रत्येक टप्प्याला किंचित पुढे सरकते. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वर घाट चढताना काही जाणवत नाही, पण परतीच्या उतारावर बोटे पुढच्या बाजूवर सतत आपटतात. बूट आखूड असेल तर अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळून नख काळे पडते व पुढे गळून जाते. याउलट टाच उचलली जात असेल तर तेथे फोड येतात. थोडीशी उचल सर्वांत वरच्या छिद्रांतून नाडीचा फास घेऊन थांबते. त्यानेही न थांबल्यास बूट बदलावा.

पादत्राणे व पायाची दुखणी यांविषयीच्या २०१८ च्या एका आढाव्यात, पाहिलेल्या लोकांपैकी ६३ ते ७२ टक्क्यांच्या पायांत लांबीला किंवा रुंदीला न जुळणारी पादत्राणे आढळली. प्रौढपणीही पावलाचे माप कायम राहत नाही. वयानुसार कमान बसून पाऊल पसरते, आणि बऱ्याच स्त्रियांत गरोदरपणानंतर ते काही मिलिमीटरांनी लांब होऊन तसेच राहते.