एकच प्याला (संगीत नाटक)

राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचे पाच अंकी संगीत शोकांत नाटक. गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात त्याचा पहिला प्रयोग केला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २३ जानेवारीला, गडकरी नागपूरजवळच्या सावनेर येथे क्षयाने वारले होते. स्वतःचे सर्वांत गाजलेले नाटक त्यांना रंगभूमीवर पाहता आले नाही, आणि त्यातली पदेही त्यांच्या हातून लिहून व्हायची राहिली. ती वि. सी. गुर्जर यांनी लिहून दिली. या नाटकात गद्य एकाचे आणि गाणी दुसऱ्याची आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. पुढे प्रयोगांत ही दोन अंगे एकमेकांशी सतत ओढाताण करत राहिली.

कथानक सरळ आहे. सुधाकर हा स्वतःच्या कर्तबगारीवर पुढे आलेला बुद्धिमान वकील. न्यायालयात मुन्सफाशी त्याची खडाजंगी होते आणि काही काळापुरती त्याची सनद काढून घेतली जाते. अपमानाने झोप उडालेल्या सुधाकरापुढे त्याचा कारकून तळीराम दारूचा पेला धरतो. घ्यायचा तो एकच, एवढ्या बोलीवर. पुढे तो नशेतच कचेरीत जातो आणि सनद कायमची गमावतो. पत्नी सिंधू श्रीमंत माहेरची. नवऱ्याचा शब्द राखण्यासाठी ती माहेरची मदत नाकारते आणि लोकांची दळणे दळून संसार चालवते. अखेर संशयाने आंधळा झालेला सुधाकर काठी उगारतो. तीत तान्हे मूल जाते, सिंधूही वाचत नाही. मरताना ती पोलिसांसमोर नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. सुधाकर विष मिसळलेला शेवटचा प्याला पिऊन जीवन संपवतो.

शाळा-महाविद्यालयांत हे नाटक बहुधा दारूबंदीचा धडा म्हणून शिकवले जाते. तो अर्थ चुकीचा नाही, पण तोकडा आहे. सुधाकर दारूच्या चवीपायी बुडत नाही, मानीपणापायी बुडतो. पहिला पेला तो अपमान विसरायला घेतो. मधल्या भागात तो दारू सोडतो आणि नोकरीसाठी जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांची दारे ठोठावतो. तिथे पुन्हा मानहानी पदरी पडते आणि तो बाटलीकडे परततो. व्यसनी माणसाची ही घसरण तेव्हाच्या मराठी नाटकात नवीन होती, कारण तिला खलनायक लागत नाही. तळीराम निमित्तमात्र. खरे म्हणजे तो विनोदी पात्र आहे. त्याने चालवलेले ‘आर्य मदिरा मंडळ’ ही त्या काळच्या सभा-परिषदांची धमाल टवाळी आहे. ठरावाच्या भाषेत दारूचे समर्थन होते, शास्त्री आणि खुदाबक्ष एका टेबलाशी बसतात आणि दारूने साधलेल्या ऐक्याचे गोडवे गातात. तळीरामाच्या आजारपणात वैद्य आणि डॉक्टर रोग्याला सोडून एकमेकांशीच भांडतात. हा विनोद गडकऱ्यांनी आपले गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्याकडून घेतला. मात्र कोल्हटकरांच्या विनोदाशेजारी असे मरण उभे नव्हते.

मराठीत शोकांतिकेला जागा मिळायला वेळ लागला, त्यालाही कारण होते. नाट्यशास्त्राच्या परंपरेत रंगमंचावर मृत्यू दाखवणे वर्ज्य मानले गेले. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखे अपवाद विरळा. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवरा’पासून सुरू झालेली मराठी नाटके पौराणिक आणि गोड शेवटाची होती. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहून मृत्यूने संपणारे स्वतंत्र नाटक दिले. नंतर इंग्रजी शिकलेल्या पिढीने शेक्सपिअर मराठीत आणला. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ (१८८३) लिहिले, तर गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ (१८९०). नट गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट पाहायला लोक गर्दी करत. ऑथेल्लोची पत्नी डेस्डिमोना मरताना नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते. सिंधूचा जबाब वाचताना तो प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच की ऑथेल्लोच्या मनात विष कालवणारा माणूस तिथे आहे, इथे ते काम दारू करते.

गद्य शोकांत नाटकांच्या या प्रवाहाला समांतर संगीत नाटकांचा मोठा प्रवाह वाहत होता, आणि ‘एकच प्याला’ जन्मला तो या दुसऱ्या प्रवाहात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. ‘सौभद्र’ आले, देवलांचे ‘शारदा’ (१८९९) आले, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ (१९११) आले. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा तिला आश्रय होता. गडकऱ्यांना हे जग आतून माहीत होते, कारण उमेदवारीच्या दिवसांत ते किर्लोस्कर मंडळीत मुलांचे मास्तर होते.

नाटक मंडळी म्हणजे फिरते बिऱ्हाडच. नट, गवई, साजिंदे, पडदे रंगवणारे, आचारी, शिकाऊ पोरे असा पन्नासाहून मोठा गोतावळा गावोगाव मुक्काम करी. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. खेळ रात्री जेवणे आटोपल्यावर सुरू होई. आधी नांदी, मग कथानक, आणि एकेक पद ‘वन्स मोअर’ने लांबत गेले की संपायला पहाट उजाडे. गंधर्व मंडळीचा थाट तर वेगळाच होता : ऑर्गनची साथ, सारंगीवर कादरबक्ष, पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा, रंगमंचावर खरे शालू आणि अत्तराचा दरवळ.

या थाटात ‘एकच प्याला’ बसणार कसे? बालगंधर्वांच्या ‘मानापमाना’तल्या भामिनीची आणि ‘स्वयंवरा’तल्या रुक्मिणीची वेशभूषा पाहून घराघरांतल्या स्त्रिया त्यांच्यासारख्या नटू लागल्या होत्या. सिंधू मात्र ठिगळ लावलेल्या लुगड्यात वावरते. बालगंधर्वांनी ते लुगडे नेसले. ‘कशि या त्यजूं पदाला’ म्हणत त्यांची सिंधू नवऱ्याला सोडून जायला नकार देई, ‘घास घे रे तान्ह्या बाळा’ म्हणत उपाशी घरात पोराला भरवी, आणि प्रेक्षक डोळे पुसत असतानाच ‘वन्स मोअर’चा पुकारा करत. पदांच्या चालींत गायिका सुंदराबाई जाधव यांच्या गायकीचा वाटा होता. नाट्यपदांच्या रागदारीपेक्षा या चालींचे वळण हळवे, घरगुती ठेवले होते, हे सिंधूच्या पात्राला शोभले. समोर सुधाकर होते गणपतराव बोडस, गद्य अभिनयात नावाजलेले. एकीकडे गाण्याने थांबून राहणारा काळ आणि दुसरीकडे गद्याच्या जोराने खाली कोसळणारा माणूस, असा हा प्रयोग असे. नाव सुधाकराच्या प्याल्याचे असले तरी लोकांच्या आठवणीत नाटक सिंधूचे झाले ते यामुळेच.

त्याची किंमतही नाटकाने मोजली. दळण दळताना न कुरकुरणारी, मार खाऊनही पतीचे पाय न सोडणारी सिंधू दोन पिढ्यांना आदर्श वाटली आणि पुढच्या समीक्षकांना तितकीच खटकली. पण गडकऱ्यांनी तिच्या शेजारीच तळीरामाची बायको गीता उभी केली आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. गीता दारुड्या नवऱ्याला तोंडावर सुनावते आणि नवऱ्याला देव मानायला नकार देते. सुधाकराची बालविधवा बहीण शरद आणि तिच्याभोवती गुंतलेले त्याचा मित्र रामलाल व भगीरथ यांचे उपकथानकही विधवाविवाहाच्या प्रश्नाला हात घालते. मात्र ते मूळ कथेत नीट मिसळत नाही आणि प्रयोगात त्यालाच कात्री लागते.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला गडकऱ्यांची भाषा अडवते. अनुप्रास, कोट्या, उपमांच्या माळा, पानभर चालणारी स्वगते. मनात वाचले तर हे सगळे फुगवटा वाटते. मोठ्याने वाचावे. व्यसन माणसाला पायरीपायरीने कसे गिळते हे सुधाकर रामलालला सांगतो, तो उतारा तर उभे राहूनच म्हणावा. वाक्ये कुठे श्वास घेतात ते तेव्हा कळते. ध्वनिक्षेपकाशिवाय भरगच्च थिएटरातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे गद्य ते. गडकरी ‘गोविंदाग्रज’ नावाने कविता लिहीत आणि ‘बाळकराम’ नावाने विनोदी लेख. हे दोघेही या संवादांत हजर असतात, कधीकधी एकाच वाक्यात.

संगीत रंगभूमीचा हा काळ फार टिकला नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि दुसरे नामवंत गायक नट केशवराव भोसले यांचा ‘संयुक्त मानापमान’ झाला, तो या रंगभूमीच्या वैभवाचा कळस. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला, नाटकगृहांत पडद्यावरची चित्रे हलू-बोलू लागली आणि कर्जात बुडालेल्या मंडळ्या एकामागून एक मोडल्या. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने स्त्रीभूमिका स्त्रियांकडे दिल्या, नाटक दिवाणखान्यात आणले, पदे मोजकी केली. ‘एकच प्याला’ त्यानंतरही अधूनमधून रंगमंचावर येत राहिले, बहुतेकदा काटछाट करून. सिंधूची पदे आज नाट्यसंगीताच्या मैफलींत गायिका गातात, आणि गद्याची ती लांबलचक पाने अभ्यासक्रमांत व वाचनस्पर्धांत उरली आहेत.